पिवळं टोपण

१२ जानेवारी

– आणि पिवळं टोपण त्या ट्यूबवर बसेना. आटे दोन्हींचे सारखेच आहेत, हात ओले होते म्हणून. टॉवेलला पुसले, पुन्हा फिरवलं. बसलं. मग हिरवं दुसरीवर. दोन्ही ट्यूब पांढऱ्या, कोऱ्या. टोपणाचा रंग सोडला तर ओळखायची खूण नाही.

नीट लिहून ठेवते. दातांच्या कॉलेजातल्या आमच्या सरांचा अभ्यास आहे. चारशे बालवाडीची मुलं, दोन वर्षं, दोन टूथपेस्ट. दोन्ही बाजारात मिळणाऱ्याच, कोऱ्या ट्यूबमध्ये भरलेल्या. कुठल्या टोपणाखाली कुठली, ते सरांनाही ठाऊक नाही. यादी बंद पाकिटात आणि पाकीट कपाटात. मुलांनी चिठ्ठ्या काढल्या. माझ्या गोटूला हिरवं आलं. खालच्या मजल्यावर धाकट्या जावेच्या टिकलीला पिवळं. एकाच घरातली मुलं म्हणून दोघांच्या ट्यूब दर तीन महिन्यांनी माझ्याच हातात मिळणार.

प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजायच्या मीटरवर पंधरा वर्षं मीच आहे. रविवारची किल्ली माझ्याकडे असते. दोन्हींतली एकेक ग्रॅम घेतली, आम्लात विरघळवली. पिवळीला फेस आला, तो बसू दिला. मग फ्लोराइड मोजलं. पिवळी हजार. हिरवी पाचशे.

म्हणजे माझ्या पोराला निम्मं.

हजाराची ट्यूब हिरवं टोपण लावून गोटूच्या ब्रशाशेजारी ठेवली. पाचशेची पिवळं टोपण लावून खाली नेऊन दिली. धाकटी म्हणाली, "तुमच्यामुळे आमचंही होऊन जातं हो, ताई."

१३ जानेवारी

हजाराची दुकानातून आणून गोटूला गुपचूप देता आली असती. ते सुचलं नाही असं नाही. पण मग टिकलीचीही हजाराचीच राहिली असती.

मला त्याचे दात चांगले हवेत. मला तिचे किडायला हवेत. ही दोन वाक्यं आहेत, एक नाही. इथे तरी वेगवेगळी लिहावीत.

२ फेब्रुवारी

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "टिकली हसली की घरात दिवा लागतो."

दीर म्हणाले, "आणि गोटू हसला की दिवे जातात."

सगळे हसले. गोटूच्या पुढच्या दातावर तपकिरी डाग आहे, तीन वर्षांचा असल्यापासून. तोही हसला, ओठ मिटून. चार वर्षांचं पोर ओठ मिटून हसायला शिकलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

धाकटी म्हणाली, "असू दे हो, दुधाचेच दात ते." ती नेहमी समजूत घालते. तिच्याकडे सगळं असतं म्हणून तिला समजूत घालायला परवडतं.

१४ एप्रिल

दुसरी खेप. बदलली. हात सरावले.

३० मे

गोटूला रोज दोन वेळा उभं करते. वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, मी घड्याळ बघते. तोंड उघड. आतून. मागून. पुन्हा. तो माझ्याकडे आरशातून बघतो.

टिकली जिन्यावर बसून घासते, अर्धी पेस्ट चाटून खाते, ब्रश चावते. धाकटी म्हणते, "बघा ना ताई, हिला काही वळण नाही."

चाटू दे म्हटलं.

१८ जुलै

तिसरी खेप. बदलली. या ट्यूब जाड आहेत, तीन महिन्यांना पुरून उरतील. टिकलीनं माझा गुडघा धरून विचारलं, "मोठी आई, माझी पिवळी आली?" आली, म्हटलं. तिनं टोपणाचा मुका घेतला.

९ सप्टेंबर

गोटूच्या खालच्या दाढेवर खडूसारखा पांढरा पट्टा. दात बघायचा आरसा गरम पाण्यातून काढून पुन्हा बघितलं. पलीकडच्या दाढेवरही. कीड अशीच सुरू होते.

हजाराची पेस्ट, दोन वेळा, माझ्या नजरेसमोर. असं होत नाही. माझा आकडा चुकत नाही. मग उरतो तो.

११ सप्टेंबर

त्याचे खिसे तपासले. दप्तर उलटं केलं. गादीखाली बघितलं. गोळीचा एक कागद सापडला, गुलाबी.

"हा टिकलीचा आहे," तो म्हणाला.

"टिकलीचं मला सांगू नकोस."

"मी नाही खाल्ली."

"मग दाढेला काय झालंय?"

"मला काय माहीत."

दोन लगावल्या. तो बेसिनपाशी उभा राहिला, ब्रश हातात. मी म्हटलं, खरं सांगितलंस की बाहेर यायचं. दाराबाहेर स्टूल टाकून बसले. पाऊण तास गेला. मग आतून आवाज आला, "खाल्ली."

"किती?"

तो जरा थांबला. "पाच."

"कोणी दिल्या?"

पुन्हा थांबला. "वाऱ्यानं आल्या."

हसू आलं मला. पण कबूल झाला, तेवढं पुरे. सासूबाईंना बजावलं, याला गोड द्यायचं नाही. टिकलीला द्यायचं तर याच्यासमोर नाही. त्या म्हणाल्या, "दातांच्या कॉलेजात नोकरी तुझी, आणि कायदा आम्हाला."

२० ऑक्टोबर

चौथी खेप. बदलली.

१६ जानेवारी

वर्ष झालं. कॉलेजात मुलांची तपासणी झाली. सर खुर्चीवर वाकून आकडे सांगत होते, मी कागदावर उतरवत होते. टिकली – किडलेले शून्य. गोटू – चार.

सरांनी दिवा बाजूला केला. "बाई, घरी लक्ष देता ना?"

देते, म्हटलं. उतरवला तो आकडा. चार. माझ्या अक्षरात.

पाचवी खेप हातात मिळाली. बदलली. आता ब्रश तीन वेळा.

६ मार्च

गाल सुजला. ठणका इतका की घोटभर पाणीही नको म्हणाला. तरी सरांकडे नेईपर्यंत एकदा विचारलंच, "पुन्हा खाल्ल्यास ना?" त्यानं मान हलवली. हो. आता मारावंही लागत नाही. विचारलं की हो म्हणतो.

७ मार्च

भूल देऊन चार दाढा काढल्या. स्टीलच्या वाटीत टाकल्या तेव्हा चार वेळा वाजलं. मी काचेपलीकडे होते. एकीचं वरचं टरफल तेवढं उरलं होतं, आत काही नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर तो जीभ फिरवत राहिला. मग म्हणाला, "आता घासायला कमी."

हा – माझा नवरा – बाहेर जाऊन उभा राहिला. रडला बहुतेक. मी नाही रडले. मला राग आला होता. पोर माझं, आणि मला खोटं पाडत होतं.

९ मार्च

सासूबाई म्हणाल्या, "आजी-नातवाची एकच कवळी करू या. सकाळी मी वापरते, संध्याकाळी तू."

गोटूनं विचारलं, "तुझी मला बसेल?"

सगळे हसले. धाकटी तेवढी हसली नाही. तिनं त्याच्यासाठी मऊ खीर करून आणली. बिनसाखरेची. तो प्रत्येक घासाला माझ्याकडे बघून खात होता.

२१ एप्रिल

सहावी. बदलली.

२ जून

टिकलीला समोर बसवून तोंड बघितलं. सगळे दात जागच्या जागी. घासते धड नाही, खाते दिवसभर, पाचशेची पेस्ट. तिला म्हटलं, आ कर, अजून. तिनं इतका मोठा आ केला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सोडलं नाही. काहीतरी सापडेल म्हणून आरसा फिरवत राहिले.

"मोठी आई, आहे का काही?"

नाही, म्हटलं.

"अरेरे," ती म्हणाली. तिला वाटलं, असायला हवं होतं.

२४ जुलै

सातवी. बदलली.

३ ऑक्टोबर

सरांनी परत आलेल्या अर्ध्यामुर्ध्या ट्यूब माझ्या टेबलावर ठेवल्या. वीस पिवळ्या, वीस हिरव्या. अभ्यास संपण्याआधी मोजायच्या. मी नेहमीप्रमाणे आम्लाची बाटली ओढली.

"ते नंतर," सर म्हणाले. "आधी नुसत्या पाण्यात. हलवा, फिरवा, वरचं निवळ पाणी मोजा."

मी विचारलं, कशाला? आम्लात सगळं सुटतं, काही मागे राहत नाही.

"तेच तर. आम्लात सगळंच सुटतं. मुलाच्या तोंडात आम्लाची बाटली असते का, बाई?"

पाण्यात मोजलं. हिरवी – चारशे ऐंशी. पिवळी – एक्केचाळीस.

मीटर धुतला, पुन्हा लावला. दुसरी पिवळी – अडतीस. तिसरी – चव्वेचाळीस. वीसच्या वीस केल्या. शेवटच्या पाचांपर्यंत आकडे एकसारखेच येत होते.

सर मागे उभे राहून वाचत होते. खूश होते. म्हणाले, "वाटलंच होतं. पिवळीत घासायला खडू घातलाय. फ्लोराइड खडूला चिकटून बसतं. ट्यूबमध्ये आहे, दाताला मिळत नाही."

"मग ती बाजारात कशी?"

"खोक्यावर हजार लिहिलंय. आत हजार आहे. खोटं काय आहे त्यात?"

तो फेस. खडूवर आम्ल पडलं की फेस येतो, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. मी तो बसू दिला होता.

४ ऑक्टोबर

मी त्याला दोन वर्षं खडू दिला. तीन-तीन वेळा. घड्याळ लावून.

पाच गोळ्या. वाऱ्यानं आलेल्या.

आज ब्रश करताना त्याला म्हटलं, पुरे. एक मिनिटच झालं होतं. तो घाबरला. "मी काय केलं?" म्हणाला.

५ ऑक्टोबर

आणि टिकली दोन वर्षं त्याच्या वाटणीची चांगली वापरत होती. मीच नेऊन देत होते. जिना उतरून.

१२ ऑक्टोबर

शेवटची खेप. टोपणं बदलली नाहीत. गोटूला हिरवी, टिकलीला पिवळी. जशी चिठ्ठी निघाली तशी. या अभ्यासात मी केलेलं पहिलं सरळ काम.

पिवळीत काय आहे ते मला ठाऊक आहे. सरांनाही; पण अभ्यास संपेपर्यंत वाटप बदलणार नाही म्हणतात. त्यांना गळ घालून टिकलीची तेवढी बंद करता येईल. खाली हाक मारून धाकटीलाही सांगता येईल. चिठ्ठी टिकलीनं स्वतःच्या हातानं काढली होती.

खाली नेऊन दिली. टिकलीनं टोपणाचा मुका घेतला.

१८ डिसेंबर

शेवटची तपासणी. सर वाकून सांगत होते, मी उतरवत होते. टिकली – किडलेले शून्य. वरच्या दाढेवर एक पांढरा डाग, नवा.

"लिहिलंत?"

लिहिलं, म्हटलं. बरं वाटलं. ते का बरं वाटलं ते इथेही लिहिणार नाही.

९ जानेवारी

दुपारी बालवाडीत पालकांची सभा. सरांनी पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. हिरव्या टोपणाच्या मुलांना पिवळ्यांच्या निम्मीसुद्धा कीड लागली नव्हती. खडूचं त्यांनी फळ्यावर काढून समजावलं. "पिवळी आजपासून बंद. ज्यांच्याकडे असेल त्यांनी परत करा. हिरव्या पुढच्या आठवड्यात सगळ्यांना मिळतील."

माझ्या शेजारी धाकटी बसली होती. पिवळी म्हटल्यावर तिनं टिकलीला जवळ ओढलं. मग तिच्या दातांकडे बघितलं. मग गोटूकडे. मग बराच वेळ माझ्याकडे.

घरी आल्यावर सगळे खालीच चहाला बसलो. सासूबाई, दीर, हा, दोन्ही मुलं. धाकटी उभीच राहिली.

"ताई, आता तरी सांगा ना."

"काय?"

"टोपणांचं."

माझा कप बशीवर ठेवताना आवाज झाला.

तिनं मग सासूबाईंकडे वळून सांगितलं. "मागच्या उन्हाळ्यात मी वर गेले होते, टाकीत पाणी आहे का विचारायला. ताई बेसिनपाशी उभ्या, दोन्ही ट्यूब उघड्या, आणि पिवळं काढलेल्या ट्यूबवर गोटूचं हिरवं बसवत होत्या. मला वाटलं धुतायत. आज कळलं. चिठ्ठीत चांगली ट्यूब गोटूला आली होती. ताई लॅबमध्ये आहेत, त्यांना सुरुवातीपासून ठाऊक असणार. ती त्यांनी माझ्या पोरीला दिली. स्वतःच्या पोराची काढून." तिनं येऊन माझा हात धरला. तिचे हात गार होते.

मग सासूबाई म्हणाल्या, "मोठे, मी तुला काय काय बोलले ग." दिरांनी मान खाली घातली. बारा वर्षांत या खोलीत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं.

हा म्हणाला, "त्याच्या चार दाढा गेल्या." हळू म्हणाला. "का?"

माझ्याकडे एक उत्तर होतं, ते या वहीत आहे. दुसरं तिथल्या तिथे सुचलं.

"लहान आहे ती," मी म्हटलं.

टिकली गोटूहून तीन महिन्यांनी लहान आहे.

हा उठून वर निघून गेला. गोटू बिस्किट हातात धरून बसला होता. सव्वा वर्षात त्याला पहिल्यांदाच दिलं होतं, खाल्लं नव्हतं. त्यानं विचारलं, "मग मला मारलंस तेव्हा तुला माहीत होतं, मी नाही खाल्ल्या?"

नाही म्हणायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. सासूबाई अजून माझ्याकडेच बघत होत्या.

"हो," मी म्हटलं.

त्यानं बिस्किट बशीत परत ठेवलं.

१० जानेवारी

सकाळी धाकटी टिकलीची ट्यूब घेऊन वर आली. ती परत करणार नाही म्हणाली. "पिवळ्या टोपणाखाली हिरवीच आहे ना. टिकलीनं वापरली इतके दिवस, आता ही गोटूची." या खेपेला मी टोपणं बदलली नव्हती; पिवळ्याखाली पिवळीच आहे. गोटूनं ती घेतली. कोणी न सांगता पूर्ण दोन मिनिटं घासली. चूळ भरून तिलाच विचारलं, "काकू, उद्या पण हीच?"

"हीच," ती म्हणाली.

मी टॉवेल पुढे केला. त्यानं काकूच्या बाहीला तोंड पुसलं आणि तिच्याबरोबर खाली गेला.